शेव, शीळ आणि सहाशेची लेन्स

पक्षी बघायला जाणं आणि पक्ष्यांचे फोटो काढायला जाणं ही एकच गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मेहुण्याबरोबर आणि माझ्या लेकीबरोबर एक दिवस काढावा. मी तो बनारसमध्ये काढला, ऐन जानेवारीत, आणि दिवसभर तिपाई वाहिली.

मेहुणा काशीचाच. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या ज्या गल्ल्यांत अजून दारांवर मराठी आडनावं दिसतात, तिथल्या एका जुन्या घरात राहतो. शाळेत शिकवायचा, आता निवृत्त आहे. गळ्यात दुर्बीण, खिशात वही आणि घरी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश, पुठ्ठा नव्याने बांधून घेतलेला. लेक पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पगारातला बराचसा भाग सहाशे मिलिमीटरच्या लेन्सच्या हप्त्यांत जातो. तिचं म्हणणं, फोटो नसेल तर दिसलेला पक्षी ही सांगोवांगीची गोष्ट. त्याचं म्हणणं, फोटोच्या नादात पक्षी दिसतच नाही. हे भांडण ते फोनवर बरीच वर्षं भांडत आले आहेत. त्या दिवशी त्याला नदी आणि डोंगर मिळाले. बेत असा होता, की सकाळी गंगा आणि पलीकडची रेती, आणि दुपारी चंद्रप्रभा अभयारण्यातले कडे आणि ओढे.

नाव पंचगंगा घाटावरून सुटली तेव्हा धुक्यात समोरचा काठ दिसत नव्हता. कुरव मात्र आधी ऐकू आले, मग शेकड्यांनी दिसले. शेजारच्या नावेतले पर्यटक पुड्या फोडून शेव उधळत होते, नावाडी 'आ-आ-आ' करून हाका मारत होता, आणि त्या नावेभोवती पांढऱ्या पंखांचं वादळ उठलं होतं. नदीवरून सूर्य वर आला. लेकीचा कॅमेरा सुरू झाला.

"साइबेरियन पंछी," आमचा नावाडी मला म्हणाला.

"सायबेरिया कसला गुरू," मामा म्हणाला. "यातले निम्मे तिबेटच्या तळ्यांवरचे." मग भाचीकडे वळून, "सांग बघू, डोळा कुठल्या रंगाचा?"

"थांब रे मामा, प्रकाश जाईल."

"प्रकाश जाईल, पक्षी जाईल, मग घरी जाऊन स्क्रीनवर डोळा बघशील. आत्ता बघ. डोळा फिका आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. डोळा काळा आणि पंखाची पुढची कड पांढरी म्हणजे काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच, कानाजवळ एक डाग तेवढा. त्यात तपकिरीचं पोर असेल तर त्याचाही डोळा काळाच. म्हणून पंख बघायचा."

"आणि उडत्या पक्ष्याचा पंख तू बघणार किती वेळ? माझ्याकडे तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात थांबलाय. ये, हा बघ पांढरा ठिपका." तिने कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

मामाने बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग विषय बदलला, जे तो हरायला लागला की करतो. "ही शेव," तो म्हणाला. "हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला आपण मिठातलं, तेलात तळलेलं बेसन चारतोय. तुझे हे जे सूर्य-नाव-कुरव असे फोटो असतात ना, त्यात शेव दिसते का कधी?"

"मी कुठे टाकली शेव?"

"तू नाही टाकलीस. पण शेव टाकणाऱ्याच्या नावेला नाव भिडवा, असं नावाड्याला कोण म्हणालं?"

हे खरं होतं. मी ऐकलं होतं.

"बरं, म्हणाले," लेक म्हणाली. "पण कुरव हा काय सोवळ्यातला पक्षी आहे का? जगभर बंदरांवर, कचराकुंड्यांवर, मासळीबाजारात हाच असतो. मिळेल ते खातो. इथे घाटावरून निर्माल्य, लाह्या, पिंडाचा भात, काय काय पाण्यात जातं. आणि या नावाड्याची थंडीतली कमाई बघ. पर्यटक पाखरांसाठी नावेत बसतात. उद्या तू शेव बंद केलीस तर त्याच्या पोराची फी तू भरणार?"

"मी शेव बंद करणारा कोण? मी म्हणतो, शेवेवर आलेल्या पक्ष्याचा फोटो काढलास तर खाली लिही, शेवेवर आलेला पक्षी. बस."

तिला हे पटलं नाही. मला पटलं, पण मी तिपाई धरून गप्प बसलो. त्या दृश्यात एक खोटेपणा आहे हे मात्र कुणीही मान्य करावं. बनारसचा तो सुप्रसिद्ध फोटो, केशरी सूर्य, वल्ही मारणारा माणूस आणि भोवती पंखच पंख, मी इतक्या कॅलेंडरांवर पाहिलाय की समोर घडतानाही तो मला कॅलेंडरच वाटला.

पलीकडच्या रेतीवर उतरलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं. या काठावर घाट, देवळं, माणसं यांची दाटी. त्या काठावर नुसती वाळू. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा हा पट्टा 1989 मध्ये कासवांचं अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. गंगा कार्ययोजनेत कासवं सोडली होती, नदीत पडणारे अर्धवट जळलेले देह त्यांनी खावेत म्हणून. 2020 मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. 2023 च्या जानेवारीत याच वाळूवर पर्यटकांसाठी तंबूंचं शहर उभं राहिलं होतं. आता तंबू नव्हते. उंट होते, घोडे होते, आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे होते.

पाण्याच्या कडेला चक्रवाकांची जोडी उभी होती, नारिंगी अंगाची, उन्हात पितळेसारखी. जरा अलीकडे नदी टिटवी, काळी टोपी घातलेली. लेक वाळूवर आडवी झाली आणि कोपरांवर सरपटत निघाली. मामा दुर्बिणीतून पक्ष्यांकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता. आता ओरडणार, असं मला वाटलं. तो ओरडला नाही, कारण ती आधीच थांबली. टिटवीने मान ताठ केली, तशी लेक जागच्या जागी पडून राहिली, आणि टिटवीने पुन्हा वाळू टोचायला सुरुवात केली तेव्हा तिने चार-सहा फोटो घेतले आणि तशीच मागे सरकत आली.

"का थांबलीस?" मामाने विचारलं. आवाजात परीक्षकाचा सूर.

"मान ताठ झालेली टिटवी म्हणजे माझा फोटो गेला. घाबरलेला पक्षी फोटोत कळतो, मामा. मला तो त्याच्या कामात हवा असतो. मला बघत असलेला पक्षी नकोय."

मामा काहीच बोलला नाही. वहीत लिहीत राहिला. त्याच्या वहीत अशा वेळी काय लिहिलं जातं याचं मला कुतूहल आहे.

मग त्याला चक्रवाकाची गोष्ट सांगायची लहर आली. संस्कृत कवींनी या जोडीला शाप दिलाय, की दिवसभर बरोबर राहायचं आणि रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट, एकमेकांना हाका मारत. "प्रत्यक्षात," मामा म्हणाला, "हा पक्षी बराचसा रात्रीच चरतो. चरताना जोडी पांगते, अंधारात एकमेकांना आवाज देत राहते. कवींनी तेवढं ऐकलं."

"म्हणजे कवींनी नोंद कानाने घेतली आणि अर्थ चुकीचा लावला. त्यांच्याकडे रात्री फोटो काढणारा कॅमेरा असता तर?"

"तर शाप दिला नसता. आणि मग हा पक्षी दोन हजार वर्षं कुणाच्या लक्षातही राहिला नसता."

या ठिकाणी दोघंही हसली, ही त्या दिवसातली दुर्मीळ नोंद.

कचौडी-जलेबी खाऊन मोटारीने निघालो. मालवीय पूल ओलांडला, मुघलसराय मागे टाकलं (स्टेशनचं नाव 2018 मध्ये बदललं तरी मामा अजून मुघलसरायच म्हणतो), चंदौलीचा गव्हाचा सपाट मुलूख लागला. 1997 पर्यंत हा सगळा वाराणसी जिल्हाच होता. चकियाच्या पुढे विंध्याचे डोंगर दिसायला लागतात. बनारसहून हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आत आहे, आणि तरी काशीला आलेल्या हजारात एकाला तरी ते ठाऊक असेल की नाही कोण जाणे.

वाटेत लेकीने मामाला खिंडीत गाठलं. "तुझी ती वही. आत्तापर्यंत किती भरल्यास, कोणी वाचल्या?"

"कोणी नाही. आता तुझ्या त्या ई-बर्डवर घालतो ना नोंदी. तिथे पुरी यादी द्या म्हणतात. दिसला तो प्रत्येक पक्षी. कावळा, साळुंकी, होला, सगळे. तू आज सकाळपासून साळुंकीचा एक तरी फोटो काढलास?"

"साळुंकीचा कशाला काढू?"

"तेच म्हणतोय. तुझ्या कार्डावरून कुणी बनारसचे पक्षी मोजायला बसला, तर त्याला वाटेल इथे कुरव आणि चक्रवाकच राहतात. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. 942 जाती तपासल्या. त्यातल्या 178 जातींची काळजी तातडीने घ्यायला हवी असं त्यात म्हटलंय. हे कशावरून काढलं? तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून. एखादी जात कमी होतेय हे कळायला ती कुठे दिसली नाही, हेही लिहिलेलं लागतं. न दिसलेल्या पक्ष्याचा फोटो काढून दाखव मला."

मला वाटलं, संपलं. पण ती माझी लेक आहे.

"ते तीस हजार लोक आले कुठून? तुझ्या पिढीत गावात एक वहीवाला असायचा, आणि लोक त्याला वेडा म्हणायचे. डिजिटल कॅमेरा आला, रोल संपायची भीती गेली, तेव्हा माझ्यासारखे शनिवारी-रविवारी बाहेर पडायला लागले. आधी फोटो, मग नाव विचारणं, मग यादी. मी पक्षी ओळखायला शिकले ते माझ्याच धूसर फोटोंवरून. आणि तुमच्या त्या जुन्या ग्रंथांमधली मापं, चोचीची लांबी, पंखाची लांबी, ती कशाने घेतली? बंदुकीने. सालिम अली लहानपणी एअरगनने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी कुठली, हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, तिथून त्यांचं सगळं सुरू झालं. तुझी दुर्बीण ज्या शास्त्रावर उभी आहे त्याच्या तळाशी पक्ष्यांची कातडी आहेत. माझ्या लेन्सखाली एकही नाही."

"नाही," मामा म्हणाला. "हे कबूल."

मग तो चंद्रप्रभेच्या सिंहांबद्दल बोलू लागला, आणि मला आधी वाटलं पुन्हा विषय बदलतोय. हे अभयारण्य झालं 1957 मध्ये, जेमतेम 78 चौरस किलोमीटरचं. त्याच वर्षी गीरहून तीन आशियाई सिंह इथे आणून सोडले, एक नर आणि दोन माद्या. सिंहांना गीरखेरीज दुसरं घर असावं म्हणून. 1965 पर्यंत ते अकरा झाले. त्यानंतर ते दिसेनासे झाले, एकूण एक. कुणी म्हणतं विष घातलं, कुणी म्हणतं गोळी. "अकरा सिंह, पोरी. चिमण्या नव्हेत. कुठे गेले ते सांगता येत नाही, कारण कोणी लक्ष ठेवून लिहीत नव्हतं. तू म्हणशील फोटो नव्हते. मी म्हणतो, वही नव्हती."

"दोन्ही नव्हतं," मी म्हणालो. माझं दिवसभरातलं एवढंच योगदान.

अभयारण्यातला राजदरीचा धबधबा हिवाळ्यात बारीक झालेला असतो. त्यामुळे आवाज कमी आणि पक्षी ऐकू जास्त येतात. ओढ्यातल्या दगडांवर करडा धोबी शेपटी हलवत होता, पोटाखाली पिवळाजर्द. कड्यावर निळा शैल कस्तूर एकटाच बसलेला. झाडीत टकाचोर, निखार, बुलबुल, आणि लांबून मोराची हाक. इथे शेव नाही, हाका मारणारा नावाडी नाही. पक्षी आपापल्या अंतरावर होते, आणि सहाशेच्या लेन्सलाही ते अंतर पुरून उरत होतं. लेक चिडचिडायला लागली होती.

तेवढ्यात झाडीतून जंगली पिंगळ्याचा आवाज आला, आधी सावकाश आणि मग वेग घेत जाणारा घुमरा थरार. एकदाच. लेकीने खिशातून मोबाईल काढला.

"वाजवायचा नाही," मामा म्हणाला.

"एकदाच, हळू."

"एकदाही नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरलाय. शिकार टाकून भांडायला येतो. भांडायला कुणी नसतं. तू फोटो काढून निघून जातेस, तो अर्धा तास फांदीवर बसून शोधत राहतो. तुझ्यानंतर दुसरा येतो, तोही वाजवतो."

तिने मोबाईल खिशात ठेवला. आम्ही ओढ्याच्या कडेने पुढे गेलो. मामा पुढे, आम्ही मागे. आणि वळणावर मामाने, अगदी सवयीने, ओठांचा चंबू करून शीळ घातली. पिंगळ्याची. हुबेहूब.

झाडीत एकदम गलका झाला. बुलबुल, कोतवाल, सुभग, सगळे लहान पक्षी ओरडत त्या आवाजाच्या दिशेने धावून आले. पिंगळा दिसला की त्याला हुसकावून लावायची त्यांची रीतच आहे. आणि त्यांच्या मागोमाग पिंगळा स्वतः येऊन समोरच्या धावड्यावर बसला. गोल डोक्याचा, अंगभर बारीक पट्ट्यांचा, पिवळ्या डोळ्यांनी सरळ मामाकडे बघत.

लेकीने फोटो काढला नाही. मामाकडे बघत राहिली.

"ही काय होती?"

"शीळ."

"तू घातलीस तर शीळ, मी वाजवला तर अत्याचार?"

"तोंडाची शीळ दमते," मामा म्हणाला. "तुझं यंत्र दमत नाही."

"पिंगळ्याला काय कळतंय कोण दमलं ते!"

यावर मामाकडे उत्तर नव्हतं आणि ते असल्याचा आव त्याने आणला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. सत्तरीकडे झुकलेला माणूस तो. ही शीळ त्याला त्याच्या गुरूने शिकवली, त्या गुरूला आणखी कुणी. पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षकांनी असेच पक्षी बोलावले आणि त्याला कुणी नाव ठेवलं नाही. पण लेक म्हणाली ते खरं होतं. समोर दहा-बारा बुलबुल चारा सोडून एका शिक्षकावर ओरडत होते.

आम्ही तिथून निघालो. मोटारीकडे येताना लेकीने रानपिंगळ्याची गोष्ट काढली. शहाद्याजवळचा रानपिंगळा, या जंगली पिंगळ्याचा नात्यातला. त्याचा शेवटचा खरा नमुना 1884 चा. नंतर 1914 चा एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा. तो त्याने संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावून आपला म्हणून खपवला होता, हे पुढे उघड झालं. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक गुजरातेत चुकीच्या जागी शोधत राहिले. 1997 च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो शहाद्याजवळ जिवंत सापडला, तेव्हा त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो काढले. "मारला नाही. आणि नुसतं वहीतही लिहिलं नाही, कारण नुसत्या लेखी चिठ्ठीने काय होतं ते माइनर्ट्‌झहेगनने दाखवून दिलं होतं."

"वही खोटं बोलू शकते, मान्य," मामा म्हणाला. "तुझा सकाळचा कुरवांचा फोटोही बोलतो."

रात्री घरी मामा यादी सांगत होता आणि लेक टाइप करत होती. करडा धोबी, एक. बुलबुल, अंदाजे पंधरा. साळुंकी सांगताना त्याने मुद्दाम आवाज चढवला. कुरवांवर पुन्हा जुंपली. मामाचा अंदाज चारशे, दहा-दहाच्या घोळक्याने मोजलेले. लेकीने रेतीवर बसलेल्या थव्याचा फोटो मोठा करून डोकी मोजायला घेतली आणि आकडा बराच खाली आणला. मामाने चष्मा लावून तिची मोजणी स्वतः तपासली आणि वहीत खाडाखोड केली.

"जंगली पिंगळा," ती म्हणाली. "इथे शेऱ्यात काय लिहू? दिसला?"

"लिही, शीळ घातल्यावर आला."

तिने लिहिलं. मग स्वतःहून वर सरकून कुरवांच्या शेऱ्यात 'शेव टाकणाऱ्या नावेजवळ' असं घातलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

"एप्रिलमध्ये येते," लेक म्हणाली. "रेतीवर टिटव्या अंडी घालतात तेव्हा."

"ये. कॅमेरा पुण्याला ठेवून ये."

"का? उद्या ट्रॅक्टर त्या अंड्यांवरून गेला, तर डीएमसाहेबांना काय दाखवशील, वही?"

मामाने दुर्बिणीची काच पुसून ती डब्यात ठेवली, डबा बंद केला. "घरट्याचा फोटो नको. त्याच्याजवळ जायचंच नाही. ट्रॅक्टरचा काढ."

"ट्रॅक्टरला सहाशेची लेन्स लागत नाही, मामा."

"तेच सांगतोय."